रविवारचे गाल

४ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पोचले. सामानही पोचलं, फक्त छत्री गाडीत राहिली. तुझ्या नवऱ्याला सांग की त्याने करकचून बांधून दिलेली गाठ शेवटी कात्रीने कापावी लागली. लहानपणापासून बाळ्याला एक गाठ धड मारता येत नाही. एक तर सुटते, नाहीतर सुटतच नाही.

जागा बाहेरून बघितलीस तर हरखून जाशील. हिरवळ, उंच झाडं, लांबच लांब इमारत, दारात फुलांच्या कुंड्या. आत पाऊल टाकलंस की नाकाला रुमाल. वर्षभर इथे कॉलेज असतं, सुट्टीत ते रिकामं होतं आणि मग देशोदेशीची मुलं इथे येऊन राहतात, अशी ही सुट्टीतली शाळा. सकाळी भाषा शिकायची, दुपारी पोहायचं, संध्याकाळी गाणी म्हणायची. मी त्यांची नर्स. आजाऱ्यांच्या खोलीतच मला एक खाट दिली आहे आणि मधे पडदा. त्या पडद्याचा मूळ रंग कोणता असावा हे मला अजून कळलेलं नाही. आल्या आल्या गादी उलटून बघितली आणि तशीच परत सुलटी केली. काय दिसलं ते लिहीत नाही, तू जेवता जेवता पत्र वाचतेस.

शी! उभा जन्म वॉर्डात गेला माझा. पण आजारी माणसाची घाण वेगळी आणि धडधाकट पोरांची वेगळी. आजाऱ्याला निदान लाज वाटते. इथे एक मुलगा घरून निघाल्यापासून तेच मोजे घालून झोपतो. काल जबरदस्तीने काढले, तर मोजे जमिनीवर उभे राहिले. तीन भावंडांत मिळून एक दात घासायचा ब्रश आहे, आणि वर तो कुणाचा यावरून मारामारी. न्हाणीघराच्या जाळीतून मी केसांचा जो गोळा ओढून काढला, तो बघून मला वाटलं मांजर मेलं.

इथल्या संचालिकेला सगळे बाईसाहेब म्हणतात. आधी अत्तर येतं, मग त्या येतात. प्रत्येक मूल म्हणजे त्यांचं फूल. पण एकाही फुलाचं नाक पुसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. तरी बाई गोड बोलते. मिठूचा विषय काढला मात्र, लगेच म्हणाल्या, नर्सची भाची म्हणजे आमचीच. तेव्हा जुलैच्या दुसऱ्या तुकडीत मिठूची जागा पक्की. चौदा तारखेला तिला आणून सोडा.

दर रविवारी इथे सगळ्यांचा हिरवळीवर फोटो काढतात आणि तो घरोघर पोस्टाने जातो. दुसऱ्या तुकडीच्या घरीही जातो, म्हणजे तुम्हालाही येईल. मिठूला माझा पापा. नको, पापा नको, सकाळपासून किती नाकं पुसली त्याचा पत्ता नाही. लांबूनच आशीर्वाद दे. लोभ आहेच, तो नासणार नाही असं बघा.

तुझी,
वन्सं


९ जून

ती. स्व. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्र जेवता जेवताच वाचलं आणि पश्चात्ताप झाला. मोज्यांची गोष्ट मिठूला इतकी आवडली की ती आता रोज स्वतःचे मोजे उभे राहतात का बघते. अजून राहत नाहीत म्हणून नाराज आहे.

वन्सं, रागावू नका, पण तुम्ही गेल्यापासून घर फार शांत आहे. दुधाला वास येतोय, पाट्याखाली झुरळ आहे, कुणीतरी ओला टॉवेल दुमडून ठेवलाय, असं कुणी म्हणतच नाही. परवा दूध जरा आंबूस लागलं, आम्ही तिघांनी प्यायलं, कुणाला काही झालं नाही. हे म्हणाले, ताई स्वर्गात गेली तरी आधी तिथली मोरी बघेल. काल मिठूने आमच्या लग्नाचा अल्बम काढला होता. तुम्ही ज्या ज्या फोटोत आहात त्या प्रत्येकात तुमचं नाक वर चढलेलं. माझ्या गळ्यात हार पडतोय त्या फोटोतसुद्धा! मला आठवतं, तुम्ही म्हणत होता की कार्यालयाचं गटार तुंबलंय. मिठूने तुमचं नाव नाकमुरडी आत्या ठेवलंय. हे मी लिहू नये, पण तिनेच लिहायला लावलं.

ह्यांचा आनंद काय सांगू! ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. म्हणतात, मी जन्मात गावाबाहेर पडलो नाही, माझी पोर दहा देशांच्या मुलांबरोबर पोहेल. रोज ट्रंक काढतात, पुसतात, परत ठेवतात. मला मात्र काळजी वाटते. मिठूचं पोट तुम्हाला ठाऊक आहे, जरा पाणी बदललं की आडवी होते. ती दोन वर्षांची असताना तुम्ही रात्रंदिवस चमच्या-चमच्याने पाणी पाजलंत म्हणून ती आज आहे. तुम्ही तिथे आहात एवढ्याच धीरावर मी तिला पाठवते आहे. तुम्ही नसतात तर मी ह्यांचं ऐकलं नसतं.

नाक जरा खाली ठेवा आणि तब्येत सांभाळा. माया आहेच, ती कळवत राहा.

आपली,
धाकटी


१७ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

नाक खाली ठेवायला सांगतेस! खाली ठेवलं तर थेट बादलीत जाईल.

गुरुवारपासून उलट्या सुरू आहेत. आधी एक, मग तिची मैत्रीण, मग त्या मैत्रिणीची पूर्ण खोली. माझ्याकडे खाटा कमी आणि पोरं जास्त. कोण कुठल्या देशाचा ते मला कळत नाही, पण ओकताना सगळे एकाच भाषेत ओकतात. चादरी धुते, वाळत घालते, तोवर पुढची तयार. हाताला फिनेलचा वास इतका बसलाय की जेवताना मी डाव्या हाताने नाक धरते.

मी म्हटलं हे आलं कुठून. जेवणघरात गेले, आचाऱ्याचे हात बघितले, भांडी हुंगली, ठीक होतं. मग मुलं ज्या टाकीचं गार पाणी पितात तिचं झाकण उघडलं. अगं, आतल्या भिंतींना गुलाबी बुळबुळीत थर, बोट फिरवलं तर सायीसारखा निघाला, आणि तळाशी कुणाचा तरी दुधाचा दात! बाईसाहेबांना हाताला धरून आणायला गेले तर त्या आल्याच नाहीत. म्हणाल्या, मुलं नव्या हवेत आली की असं होतंच, आणि टाकी घासायची तर पाणी दिवसभर बंद ठेवावं लागेल, पालकांना काय सांगायचं. दुसऱ्या दिवशी टाकीवर एक रंगीत कागद चिकटवला होता. त्यावर हसरा थेंब काढलेला आणि खाली लिहिलेलं, पाणी भरपूर प्या! मी फाडला. संध्याकाळी नवा लागला होता.

माझ्या खोलीपुरतं पाणी मी उकळून घेते. बाकीच्यांना हातवारे करून सांगते की तिथलं पिऊ नका, पण पोहून आलेलं पोर ऐकतं होय? एक मजा मात्र झाली. मी दिवसभर शी शी करत असते ना, तो शब्द पोरांनी उचलला. आता कुणी ओकलं की सगळी खोली एका सुरात शी! म्हणते. फोटोवाल्याच्या लक्षात आलं की हे म्हणताना तोंड छान फाकतं. रविवारी त्याने सगळ्या शाळेला तेच म्हणायला लावलं. हा फोटोवाला हा आणखी एक नमुना. फोटो धुवायच्या औषधाने नखं काळी झालेली, शर्टाला घामाचे नकाशे, आणि सतत काहीतरी चघळत असतो. काय चघळतो ते मी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही.

फोटोचा इथे एक नियम आहे. एकही मूल कमी दिसता कामा नये. नाहीतर पालक फोन करून विचारतात, आमचं कुठे आहे. म्हणून आजारी पोरांनाही उठवून, रात्रीच्या कपड्यांवरच शाळेचा पिवळा शर्ट चढवून, पुढच्या रांगेत बसवायचं आणि फोटो झाला की परत खाटेवर. मला ते आवडलं नाही. पण खरं सांगू, त्यापेक्षाही त्यांचे अवतार आवडले नाहीत. चिकट केस, ओठांच्या कडेला वाळलेलं, चेहरे मेणासारखे. अशी पोरं मी चारचौघांत कशी बसवू? मीच त्यांची तोंडं धुतली, भांग पाडले, आणि मीच बाईसाहेबांना म्हटलं की गालाला थोडा रंग हवा. त्यांनी पर्समधून स्वतःची लिपस्टिक काढून दिली. बोटाने एक-एक ठिपका लावून पसरला. बाईसाहेब तर टाळ्याच वाजवायला लागल्या. मी चौकटीच्या बाहेर बादली घेऊन उभी होते.

त्यात एक चिमुरडी आहे, मिठूएवढीच. तिचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. गळ्याशी असलेलं बटण सारखं पिळत असते म्हणून मी तिला बटण म्हणते. मी मराठीत बोलते, ती तिच्या भाषेत, आणि आमचं मस्त चाललंय. तिला मात्र उतार पडत नाही.

मिठूच्या पाण्याचं काय करायचं ते बघते. घाबरू नकोस, पण ट्रंक अजून भरू नकोस. आठवण आहे ती अशीच ताजी असू दे.

तुझी,
वन्सं


२१ जून

ती. स्व. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि शाळेचा फोटो एकाच टपालाने आले. पत्र वाचून मी सुन्न झाले आणि फोटो बघून हसत सुटले. तुम्ही लिहिता पोरं मेणासारखी, आणि इथे बघावं तर पुढच्या रांगेतली सगळ्यांत टवटवीत! शी म्हणतायत हे माहीत असूनही किती गोड हसतात. हे म्हणाले, बघ, हे तुझ्या वन्संचे आजारी. ताईला काय, समुद्र दाखवला तरी म्हणेल यात कुणीतरी पाय धुतलेत.

मीही आधी ह्यांच्याच बाजूची झाले. मग रात्री तुमचं पत्र परत वाचलं. पाण्याच्या टाकीचं तुम्ही खरंच बघितलंत ना? की तुमच्या नेहमीच्या नजरेने? रागावू नका. आपल्या नव्या माठात तुम्हाला शेवाळ दिसलं होतं आणि ती नक्षी निघाली होती, म्हणून विचारते. एक ओळ साधी सरळ लिहा, मिठूला पाठवू की नको.

तिने पोहायचा पोशाख घालून अंगणात तीन चकरा मारल्या. शेजारणीला सांगितलं की माझी आत्या तिथली मुख्य आहे. उत्तराची वाट बघते, आणि तुमचा राग येऊ नये अशीही वाट बघते.

आपली,
धाकटी


२५ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

साधी सरळ ओळ: मिठूला पाठवू नका.

आता बाकीचं. माठाचं मी मान्य करते, तो माझा गाढवपणा होता. पण हे माठाचं नाही. बटणची आई सुदैवाने याच देशात नोकरीला आहे, रात्रभराच्या प्रवासावर. पोरीने तिला पत्रात रडका चेहरा काढून पाठवला होता. आईचा फोन आला की मी तिला न्यायला येते. मला इतकं हलकं वाटलं की मी बटणचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या. ती सारखी दाराकडे बघत बसली. काल आईचा परत फोन आला. बाईसाहेबांनी मोठ्या आनंदाने मला बोलावून सांगितलं. फोटो मिळाला म्हणे. मुलगी किती फुललेली दिसते, गाल तर घरी कधी एवढे लाल नव्हते, तेव्हा उगाच आणून तिची सुट्टी कशाला मोडू. ती येत नाही.

ते गाल माझे आहेत, धाकटे. माझ्या या बोटाने लावलेले.

आयुष्यभर मला दुसऱ्यांची किळस आली. काल पहिल्यांदा स्वतःच्या हाताची आली. तीन वेळा साबण लावला. परवाच्या रविवारीसुद्धा मी रंग लावला होता ना! तेव्हा तर बटणला धड बसवत नव्हतं, मी मागून पाठीला उशी लावली आणि वर बघून कौतुकही केलं की छान जमलं. मला छान जमतं हीच तर घाण आहे.

डॉक्टर बुधवारी येतात. आज आले, दारातूनच बघितलं, बाईसाहेबांच्या चहाला गेले. मी मागे गेले आणि म्हटलं की या पोरीच्या शौचात रक्त आहे, हिला दवाखान्यात हलवा. ते म्हणाले, पाणी बदललंय, होईल ठीक. बाईसाहेब म्हणाल्या, दवाखान्यात नेलं तर गाडी दारात उभी राहील आणि बाकीची फुलं घाबरतील. फुलं! मी म्हटलं फुलं रोज बादलीत सडतायत. तेव्हा त्यांनी मला आठवण करून दिली की माझ्याच भाचीची जागा त्यांनी धरून ठेवली आहे. हे त्या हसून म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अत्तराचा वास अजून त्या खांद्याला आहे.

बटण रात्री माझं बोट धरून झोपते. तेच बोट. आपली माया मला इथे फार कमी पडते आहे, ती पाठवा.

तुझी,
वन्सं


३० जून

ती. स्व. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. इतका राग मी त्यांना आलेला पाहिला नव्हता. काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. म्हणाले की आमच्या घरात कुणाचं काही चांगलं होऊ घातलं की ताईला त्यात किडा दिसतो. माझ्या नोकरीच्या वेळी दिसला, या घराच्या वेळी दिसला, आता पोरीच्या वेळी. आणि मग त्यांनी माझ्यासमोर शाळेचं नवं माहितीपत्रक टाकलं. कालच आलंय. वन्सं, वरच्या पानावर तुमची तीच मुलगी आहे हो! दोन वेण्या, गळ्याशी बटण धरलेलं. शेजारची मुलं कापून तिचा एकटीचा चेहरा मोठा केलाय. हे म्हणाले, ताईला म्हणावं तिचे गाल बघ. ही मुलगी मरायला टेकलीये म्हणे!

तुम्ही रंगाचं लिहिलंत ते मी विसरले नाही. पण मी तरी किती वेळा तो चेहरा बघितला, मला रंग दिसला नाही. मला सुखी मूल दिसलं. मिठूने ते पान खाटेजवळ भिंतीला चिकटवलंय, म्हणते ही माझी मैत्रीण होणार. ह्यांनी ट्रंक भरली. तिकिटं काढली. मी तुमची बाजू घेतली तर घरात दोन दिवस अबोला.

मला काही कळत नाही. तुमच्यावर विश्वास ठेवावा तर डोळ्यांवर ठेवता येत नाही. असं काही लिहा की ते ह्यांना दिसेल. तुमचीच आहे, हे विसरू नका.

आपली,
धाकटी


८ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं. शाळेतून मला सोमवारी काढलं. ट्रंक आचाऱ्याने दारापर्यंत आणून दिली, बाकी कुणी आलं नाही. दुसरं कुणी काही सांगायच्या आत मीच कळवते.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. बाईसाहेबांच्या टेबलावर त्या माहितीपत्रकांचा गठ्ठाच होता. एक उचललं. बटणचा चेहरा हातात धरला आणि मला कोरडी ओकारी आली, खरोखरची, टेबलाला धरून. वॉर्डात कधी आली नव्हती. माझ्या त्या ठिपक्यावर आता किती आया भुलणार, त्यातली एक तू!

रविवारी नेहमीप्रमाणे बाईसाहेबांनी सकाळीच लिपस्टिक पाठवली. मी ती बादलीत टाकली. कुणाचंही तोंड रंगवलं नाही, पिवळे शर्ट चढवले नाहीत. उठवत होतं त्यांना हाताला धरून नेलं आणि बटणला कडेवर घेतलं. मिठूच्या वयाची पोर, अन् कडेवर जड लागली नाही. हिरवळीवर गेले ती थेट मधल्या खुर्चीवर बसले. ती बाईसाहेबांची खुर्ची. मांडीवर बटण, पुढे बादली, आजूबाजूला माझी मेणाची पोरं रात्रीच्या चुरगळलेल्या कपड्यांत. बाईसाहेब हसत हसत जवळ आल्या, दातांत म्हणाल्या की उठा. वाकल्या तेवढ्यात बटणच्या पोटात ढवळलं. बादली होती माझ्या डावीकडे, बाईसाहेब उजवीकडे. त्यांचे पांढरे बूट भरले. कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळी शाळा एका सुरात ओरडली, शी! आणि त्या ओरडल्याबरोबर फोटोवाल्याने खटका दाबला.

बाईसाहेब बूट धुवायला धावल्या. मी त्या घामट माणसाकडे बघितलं. तो फोटो धुऊन संध्याकाळी स्वतःच गावातून टपालात टाकतो, पाकिटांवर पत्ते आधीच घातलेले असतात. त्याने चघळणं थांबवलं होतं. काळ्या नखांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, माझ्या मांडीवरच्या पोरीकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. तो फोटो त्याने पाठवला की आधीच्या एखाद्या रविवारचा, मला माहीत नाही. आचाऱ्याने भाजीची गाडी काढली, तिच्यातून बटणला इथे आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईने तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली, ती सोडल्यावरही तशीच उभी राहिली, इतकं अंगातलं पाणी आटलेलं. बाई मला इतकं बोलली, इतकं बोलली, आणि मी सगळं ऐकून घेतलं. सलाईन चढतंय. काल तिने पाव मागितला, म्हणजे तिच्या भाषेत काहीतरी मागितलं आणि मी पाव दिला. तिची आई यायला निघाली आहे. पोरीशी एक शब्द बोलता येणारं इथे कुणी नाही, म्हणून मी बसले आहे.

मिठूबद्दल मी आता काय लिहू? लिहायचं होतं ते लिहिलं. मी तिथे नसेन, एवढं मात्र बाळ्याला सांग. तुझा धीर होता तो संपला. मला घरी यायचं आहे, पण तुम्हाला मी त्या घरात हवी आहे का ते आधी कळव. लोभ उरला असेल तेवढा पुरे.

तुझी,
वन्सं


१२ जुलै

ती. स्व. वन्संस,
सा. न. वि. वि.

फोटो आला. त्याने तोच पाठवला.

परवा टपाल आलं तेव्हा हे ट्रंकेला दोरी बांधत होते. पाकीट त्यांनीच फोडलं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, काय आहे. बाहेर येऊन बघते तर हे ट्रंकेवर बसलेले आणि फोटो गुडघ्यावर. मग उठले, भिंतीवरचं मिठूचं पान काढून आणलं आणि दोन्ही शेजारी धरले. तीच मुलगी, तेच बटण. मग ट्रंकेची दोरी सोडायला लागले. सुटेना. तुमच्यासारखीच कात्री घेतली.

मिठू आधी रडली. तिला फोटो दाखवू नये असं मला वाटत होतं, पण ह्यांनी दाखवला. तिने त्या पोरीकडे बघितलं, मग तुमच्याकडे. मग पळत जाऊन लग्नाचा अल्बम घेऊन आली आणि एक-एक फोटो उलटत राहिली. म्हणाली, आई, आत्याच्या पुढ्यात इतकी घाण आहे आणि आत्याचं नाक सरळ आहे.

आम्ही तिघांनी परत बघितलं. खरंच वन्सं. सगळी शाळा नाक मुरडते आहे, आणि मधोमध तुम्ही, मांडीवर ते ओकलेलं पोर घट्ट धरून. मी इतकी वर्षं तुमच्याबरोबर एका घरात राहिले, तुमचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ह्यांनी पाहिलाय म्हणे, एकदाच. मिठू दोन वर्षांची होती तेव्हा, दाराच्या फटीतून.

घरात हव्या आहात का, असं विचारलंत. ह्यांना त्याचा इतका राग आला की ते पहिल्या गाडीची चौकशी करायला गेलेत. आधी दवाखान्यात येतील, त्या मुलीची आई येईपर्यंत तुमच्याबरोबर बसतील आणि मग तुम्हाला घेऊन येतील. मिठूने त्या मुलीसाठी स्वतःचे धुतलेले मोजे बांधून दिलेत.

आणि ऐका. परवापासून स्वयंपाकघरात कसलातरी वास येतोय. मी सगळे डबे हुंगले, काही सापडत नाही. हे म्हणतात वास नाहीच. मिठू म्हणते वास नाही. मला वाटतं आहे. तुम्ही लवकर या आणि सांगा कुठे आहे तो.

आपली,
धाकटी